चामडे म्हणजे काय? कातडे, कमावणी आणि त्यामागचे हात

पायातली चप्पल, कमरेचा पट्टा, खांद्यावरची बॅग, मिरवणुकीत कडाडणारी हलगी. चामडे आपण रोज पाहतो. पण ते कसे तयार होते आणि कोणाच्या हातांनी, हे आपल्या तरुणांनी नीट समजून घ्यावे असे आम्हाला वाटते.

चामडे म्हणजे काय?

जनावराचे सोललेले कातडे म्हणजे चामडे नव्हे. कच्चे कातडे लवकर कुजते आणि नुसते वाळवले तर फळीसारखे कडक होते. प्रक्रिया करून ते न कुजणारे व टिकाऊ केले, की त्याचे चामडे होते. या प्रक्रियेलाच कातडे कमावणे म्हणतात. कातड्यात कोलॅजन या प्रथिनाचे तंतू असतात. कमावण्याची द्रव्ये या तंतूंना घट्ट बांधून ठेवतात.

ते येते कुठून?

आपल्याकडे प्रामुख्याने म्हैस, शेळी, मेंढी, गाय व बैल यांचे कातडे वापरले जाते. त्यातले पुष्कळसे मांसासाठी मारलेल्या जनावरांचे असते, तर काही आपोआप मेलेल्या जनावरांचे. महाराष्ट्रात २०१५ साली बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली.

कमावतात कसे?

आधी मीठ लावून कातडे टिकवतात. मग धुऊन चुन्याच्या पाण्यात भिजवतात, केस काढतात आणि आतले मांस खरवडतात. पारंपरिक पद्धतीत पुढे बाभळीची साल व हिरडा यांच्या पाण्यात ते मुरवतात. याला अनेक आठवडे लागतात. कारखान्यात क्रोमियमचे क्षार वापरून हेच काम एक-दोन दिवसांत होते. मात्र सांडपाणी शुद्ध न करता सोडले तर नदी, विहीर आणि शेत बिघडते. हातमोजे व बूट न देता कामगाराला या पाण्यात उभे केले तर त्याची कातडीच सोलवटते.

उपयोग

चपला-बूट, पट्टे, पिशव्या, घोड्याचे खोगीर, ढोलकी व तबल्याची पाने. इंजिन येण्यापूर्वी विहिरीचे पाणी शेतात जाई ते चामड्याच्या मोटेने. ज्या मोटेवर गावाचा मळा पिकला, ती शिवणाऱ्याला मात्र गावाने विहिरीला हात लावू दिला नाही.

हात कोणाचे?

गावगाड्यात मेलेले जनावर ओढण्याचे काम महारांवर, कातडे कमावण्याचे ढोरांवर आणि चपला शिवण्याचे चर्मकारांवर लादले गेले. वस्तू सर्वांना हवी होती, करणारा मात्र अस्पृश्य! १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस आणि अशी हीन मानलेली कामे सोडण्याचे आवाहन केले. त्यांचा विरोध कष्टाला नव्हता, जन्मावरून लादलेल्या सक्तीला होता.

धम्म काय सांगतो?

विनयपिटकाच्या महावग्गात चामड्यावर ‘चम्मक्खन्धक’ हे स्वतंत्र प्रकरणच आहे. चालून चालून सोण कोळिविस यांचे पाय रक्तबंबाळ झाले, तेव्हा भगवान बुद्धांनी भिक्खूंना एकपदरी वहाणा वापरण्याची परवानगी दिली. पुढे एका भिक्खूने कातड्याच्या मोहाने उपासकाला वासरू मारायला लावले. तेव्हा भगवंतांनी इतरांना हत्येस प्रवृत्त करण्याचा निषेध केला आणि गाईचे कातडे वापरणे वर्ज्य केले. म्हणजे दोष हिंसेचा आणि मोहाचा आहे. चामड्याला हात लावणारा माणूस विटाळतो, असे धम्म कुठेही म्हणत नाही.

आजचा प्रश्न

जुलै २०१६ मध्ये गुजरातमधील उना येथे मृत गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना उघडे करून मारले गेले. निषेध म्हणून लोकांनी मृत जनावरे सरकारी कचेरीसमोर टाकली. एप्रिल २०१८ मध्ये त्या पीडित कुटुंबाने बौद्ध धम्म स्वीकारला.

दुसरीकडे, २०१९ साली कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. नाव जगभर झाले. पण मोठ्या दुकानातल्या किमतीतला किती वाटा रापी आणि आरी चालवणाऱ्याच्या घरी पोहोचतो?

हे काम सोडायचे असेल त्याला शिक्षण व दुसरा रोजगार मिळाला पाहिजे. करायचे असेल त्याला भांडवल, सुरक्षा, रास्त भाव आणि सन्मान मिळाला पाहिजे. निवड त्याची असावी, जातीची नव्हे. पुढच्या वेळी चप्पल घेताना ती कोणी बनवली, हे दुकानदाराला जरूर विचारा.