पेढी, मालगुजारी आणि तिलवाऱ्याचा काठ

जबलपूरहून नागपूरकडे जाणारा रस्ता तिलवारा येथे नर्मदा ओलांडतो. ह्याच परिसरात, कलचुरींच्या त्रिपुरीचे नाव धारण करून, मार्च 1939 मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले. स्वागताध्यक्ष होते सेठ गोविंददास. राजा गोकुलदासांचे नातू. सरकारनिष्ठेवर वाढलेल्या घराण्याचा वारस सरकारविरोधी सभेचा यजमान व्हावा, ह्या घटनेचा अर्थ लावायचा तर त्या घराण्याच्या संपत्तीच्या उगमाकडे वळावे लागते.

हे मूळचे जेसलमेरचे माहेश्वरी कुटुंब. सेवाराम जबलपूरला आले आणि 'सेवाराम खुशालचंद' ही पेढी नावारूपास आली. तिला अनुकूल भूमी मात्र आधीच तयार होती, आणि तीत मराठी राज्यकर्त्यांचाही वाटा होता. 1781 मध्ये गढा-मंडला सागरच्या मराठ्यांकडे गेले. 1798 मध्ये पेशव्यांनी नर्मदाखोरे नागपूरकर भोसल्यांस दिले. गावांचा वसूल मक्त्याने देण्याची रीत होती. मक्तेदारास रोकड हवी, रोकड सावकाराकडे. असा हा व्यवहार होय. डिसेंबर 1817 मध्ये इंग्रज आले. धनी बदलला, रोकडीची निकड बदलली नाही.

1857 च्या सप्टेंबरात गोंड राजे शंकरशाह व त्यांचे पुत्र रघुनाथशाह ह्यांना जबलपूर येथे तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्या धामधुमीत सेठांची पेढी सरकारच्या बाजूने उभी राहिली. पुढे 1860 नंतरच्या जमाबंदीत मालगुजारांना गावांवर मालकी हक्क मिळाला. जे पूर्वी केवळ वसुलीचे काम होते, ते आता गहाण टाकता येईल, विकता येईल अशी मालमत्ता झाले. कर्ज थकले की गाव सावकाराच्या नावे चढू लागले. 1870 मध्ये मुंबई आणि कलकत्ता ह्यांचे लोहमार्ग जबलपुरात जुळले. नर्मदाखोऱ्यातील गहू दूरच्या बाजारांत पोहोचला, आणि जमिनीचे मोल वाढले.

गोकुलदासांनी ह्या साऱ्याचा लाभ घेतला, हे खरे. पण त्यांचा पैसा केवळ तिजोरीत राहिला नाही. शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी त्यांनी नगरपालिकेस कर्ज दिले. कापड गिरणी काढली. स्थानकाजवळची धर्मशाळा आजही त्यांचे नाव सांगते. दात्याचे नाव दगडावर कोरले जाते. ज्या कुणब्याच्या व्याजातून तो दगड उभा राहिला, त्याचे नाव मात्र खातेवहीपुरतेच उरते.

गोविंददासांचा जन्म 1896 चा. 1920 च्या असहकारात ते उतरले, तुरुंगात गेले, वडिलोपार्जित संपत्तीवरील हक्कही त्यांनी सोडला. हिंदी नाटककार आणि दीर्घकाळ संसदसदस्य म्हणून ते 1974 पर्यंत सार्वजनिक जीवनात वावरले. त्यांचा त्याग खोटा नव्हता. परंतु ज्या व्यवस्थेतून ही संपत्ती निर्माण झाली, ती एका वारसाच्या त्यागाने संपणारी नव्हती. मालगुजारी गेली ती 1951 मध्ये, कायद्याने.

त्रिपुरीच्या मिरवणुकीत बावन्न हत्ती होते आणि अध्यक्ष सुभाषबाबू तापाने फणफणलेले होते, हे लोकांना आजही आठवते. 12 फेब्रुवारी 1948 रोजी तिलवारा घाटावरच गांधीजींच्या अस्थींचे विसर्जन झाले. संपत्ती ही विश्वस्ताची ठेव आहे, असे सांगणाऱ्याची ती रक्षा होती. ठेव म्हटले की ठेवीदार कोण, हा प्रश्न येतोच. नर्मदाखोऱ्याच्या इतिहासाने त्याचे उत्तर गावोगावच्या शेतकऱ्यांत शोधावयास हवे.