कोळसा झालेल्या पावांची साक्ष

इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला, तेव्हा पाँपेई या रोमन शहरातल्या एका बेकरीची भट्टी भरलेली होती. 1862 मध्ये उत्खननात ती उघडली आणि आत 81 पाव निघाले. सगळ्यांचा कोळसा झालेला, पण आकार मात्र शाबूत. गोल पाव आणि वर आठ फाकी पडतील अशा खाचा.

पाँपेईशेजारच्या हर्क्युलेनियममध्ये सापडलेल्या अशाच एका पावावर शिक्का आहे. हा पाव क्विंटस ग्रॅनियस वेरस याचा गुलाम सेलेर याचा, एवढाच मजकूर. अनेक घरांचे पाव एकाच भट्टीत भाजले जात, त्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून हा शिक्का असावा. रोमन इतिहासकारांनी सम्राटांच्या जेवणावळींची वर्णनं हौसेने लिहिली. सेलेरसारख्या गुलामांची दखल घ्यायला त्यांना सवड नव्हती. त्याचं नाव उरलं ते पाव जळला म्हणून.

पीठ दळायचं काम बेकरीतच चाले. पाँपेईत आजही ही जाती उभी दिसतात. ज्वालामुखीच्या खडबडीत दगडाची, जवळपास माणसाच्या उंचीची. खाली शंकूच्या आकाराचा दगड आणि त्यावर मध्ये निमुळता, वर-खाली रुंद असा पोकळ दगड. वरून धान्य ओतायचं आणि लाकडी दांड्याला गाढव जुंपायचं. घाण्याच्या बैलासारखं ते गोल गोल फिरत राही.

या धंद्यात पैसा होता, आणि तो दाखवायची हौसही. रोममध्ये पोर्ता माज्जोरे या वेशीपाशी मार्कस व्हर्जिलियस युरिसासेस या बेकरीवाल्याची इसवी सनपूर्व पहिल्या शतकातली भलीमोठी समाधी आहे. पुढे तिच्याभोवती बांधकामं झाली आणि ती झाकली गेली. 1838 मध्ये ती पुन्हा मोकळी झाली. तिच्या माथ्यावरच्या शिल्पपट्टीत दळणं, मळणं, भाजणं, वजन करणं असं सगळं कोरलेलं आहे. युरिसासेस बहुधा पूर्वाश्रमीचा गुलाम. त्यामुळे ही समाधी म्हणजे नवश्रीमंताचा बडेजाव असं म्हणून नाक मुरडणारे अभ्यासकही झाले. पण देवादिकांच्या कथा कोरण्याऐवजी आपला कारखाना कोरून घेणारा हा माणूस त्या नाक मुरडणाऱ्यांपेक्षा जास्त माहिती देऊन गेला!

पाँपेईतल्या टेरेंटियस निओचं घरही बेकरीला लागून होतं. तिथल्या भित्तिचित्रात नवरा-बायको शेजारी शेजारी आहेत. त्याच्या अंगावर टोगा, हातात गुंडाळी. तिच्या हातात मेणाची पाटी, आणि लेखणी ओठांशी टेकवलेली. आम्ही शिकलेसवरलेले आहोत, हे त्यांना जगाला सांगायचं होतं. हिशेबाच्या पाटीसह बायकोला नवऱ्याच्या बरोबरीने रंगवलेलं पाहून तिचा धंद्यात हात असावा असं वाटतं.

धंद्याची दुसरी बाजू 2023 मध्ये उजेडात आली. पाँपेईतच एका घरात कोंदट बेकरी सापडली. बाहेर जायला दार नाही, जो रस्ता आहे तो मालकाच्या घरातूनच. लहान, उंचावरच्या खिडक्यांना लोखंडी गज. जात्यांभोवतीच्या फरशीत अर्धवर्तुळाकार खाचा कोरलेल्या होत्या. जनावरांनी ठरलेल्या वाटेनेच फिरावं म्हणून त्या असाव्यात. तिथे गुलाम आणि गाढवं एकत्र कोंडली जात, असा उत्खनकांचा निष्कर्ष आहे.

नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात टेरेंटियस निओ आणि त्याच्या बायकोचं ते चित्र आहे, पाँपेईचे जळालेले पावही तिथेच आहेत. तिकडे गेलात तर चित्राबरोबर पावांपुढेही जरा थांबा.