कचरा डेपोंचे नियमन : पिण्याच्या पाण्याच्या संरक्षणासाठी

शहराचा घनकचरा जिथे साठवला किंवा पुरला जातो, त्या जागेची निवड, बांधणी, देखरेख आणि ती बंद केल्यानंतरची निगा यांवर घातलेली कायदेशीर बंधने. परिसरातील विहिरी, विंधन विहिरी, झरे, तलाव आणि नद्या दूषित होऊ नयेत, हा त्यांचा एक प्रमुख हेतू आहे. पुण्याकडे अशा जागेला कचरा डेपो म्हणतात, मुंबईत क्षेपणभूमी.

पाणी कसे बिघडते : ओला कचरा कुजताना सुटणारा रस आणि ढिगात मुरलेला पाऊस मिळून काळपट, उग्र वासाचे पाणी तळाशी झिरपते. याला लिचेट म्हणतात. त्यात अमोनिया, क्लोराइड आणि विरघळलेले सेंद्रिय पदार्थ असतात. कचऱ्यात बॅटऱ्या, ट्यूबलाइट, रंगांचे डबे असतील, तर शिसे, कॅडमियम, पारा हे जड धातूही उतरतात. जमिनीत ऑक्सिजन मिळाला की अमोनियाचे नायट्रेट बनते. भारतीय पेयजल मानकानुसार (आयएस १०५००) लिटरला ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा आहे आणि तिच्यात कोणतीही सवलत नाही. कारण जास्त नायट्रेटमुळे तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते. असे पाणी उकळून उपयोग होत नाही. पाणी आटते आणि नायट्रेटचे प्रमाण उलट वाढते. तुरटी आणि क्लोरीनचाही इथे इलाज चालत नाही. म्हणून एकदा विहीर बिघडली की घरातल्या घरात ती दुरुस्त करण्याचा स्वस्त मार्ग उरत नाही.

कायद्याची चौकट : जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ याच्या कलम २४ नुसार प्रवाहात किंवा विहिरीत प्रदूषक पदार्थ जाणूनबुजून सोडण्यास मनाई आहे. शहरी कचऱ्यासाठी मात्र वेगळे नियम यायला पुढे पाव शतक लागले. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली आणि त्या सुनावणीच्या ओघात २००० साली पहिले घनकचरा नियम आले. त्यांची जागा ८ एप्रिल २०१६ रोजी अधिक कडक नियमांनी घेतली. महाराष्ट्रात त्यांखालील परवानगी देण्याचे आणि तपासणी करण्याचे काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आले. घातक औद्योगिक कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम असून तळोजे, रांजणगाव, बुटीबोरी येथे त्याची वेगळी केंद्रे आहेत.

२०१६ च्या नियमांनुसार भरावाची, म्हणजे कचरा पुरण्याची, जागा नदीपासून १०० मीटर, तलावापासून २०० मीटर आणि वस्ती व पाणीपुरवठ्याच्या विहिरींपासून २०० मीटर दूर हवी. पूरक्षेत्र, पाणथळ जागा आणि किनारी नियमन क्षेत्र वर्ज्य. तळाशी ९० सेंटिमीटर जाडीचा घट्ट चिकणमातीचा थर आणि त्यावर १.५ मिलिमीटर जाडीचे एचडीपीई प्लॅस्टिकचे अस्तर सांगितले आहे. ही माती इतकी घट्ट हवी की वर पाणी तुंबलेले नसेल, तर वर्षाकाठी तिच्यातून जेमतेम ३ सेंटिमीटर पाणी खाली जाईल. अस्तरावर लिचेट साचू नये म्हणून ते पाइपांनी गोळा करून शुद्धीकरणाला न्यायचे असते. भूजलाची वर्षातली सर्वांत उंच पातळीसुद्धा मातीच्या थराच्या किमान २ मीटर खाली राहिली पाहिजे.

दख्खनच्या पठारावर या अटींपैकी सर्वांत महत्त्वाची ही शेवटची. २०० मीटरचे अंतर नकाशावर मोजणे सोपे असते, पण ते फसवे आहे. बेसाल्ट खडकात पाणी वाळूतल्यासारखे चहूकडे सारखे पसरत नाही. ते भेगा, सांधे आणि झिजलेला मुरूम यांतून वाट काढते. त्यामुळे डेपोच्या अगदी जवळची विहीर निर्मळ राहू शकते आणि भेगेच्या रेषेत असलेली दूरची विहीर नासू शकते. शिवाय पावसाळ्यात पातळी झपाट्याने वर येते. मे महिन्यात कोरडा दिसणारा खड्डा सप्टेंबरात भूजलाला टेकलेला असू शकतो. उन्हाळ्यातल्या पाहणीवर जागा मंजूर करणे म्हणूनच गैर आहे.

बंद पडलेल्या दगडखाणी हा या बाबतीत सर्वांत वाईट पर्याय. शहरांना त्या सोयीच्या वाटतात : खड्डा तयार, शेती नाही, जमीन स्वस्त. परंतु खाणकामाने पाणी गाळणारी माती आणि मुरूम आधीच निघून गेलेला असतो आणि सुरुंगांनी खडक आणखी भेगाळलेला असतो.

उरुळी देवाची : पुणे शहराच्या पूर्वेला, सासवड रस्त्यालगतचा उरुळी देवाची–फुरसुंगीचा डेपो याचे ठळक उदाहरण आहे. जुन्या दगडखाणींच्या परिसरातील सुमारे १६३ एकर जागेवर वर्षानुवर्षे शहराचा मिश्र कचरा उघड्यावर टाकला गेला. शास्त्रीय भराव, प्रक्रिया प्रकल्प आणि ढीग झाकण्याची कामे नंतर आली. तोवर आसपासच्या विहिरींचे पाणी पिण्यालायक राहिले नव्हते आणि गावांना टँकरवर विसंबावे लागले. गावकऱ्यांनी वेळोवेळी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या; २०१७ मध्ये डेपोला आग लागल्यानंतरचे आंदोलन तर काही आठवडे चालले. त्याच वर्षी ही गावे पुणे महापालिकेत आली आणि पुढे त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. टँकर आणि नळयोजना ही भरपाई झाली. तिने विहीर परत मिळत नाही. ज्यांनी हा कचरा केला नाही, त्यांच्या शिवारातले पाणी त्याने गेले, हा अन्याय कोणत्याही प्रशासकीय फेररचनेने मिटत नाही.

देखरेख : भरावाच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आतील भूजल उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर असे तिन्ही वेळा तपासावे, असे २०१६ च्या नियमांत सांगितले आहे. नमुना घेण्यालाही शिस्त लागते. निरीक्षण विहिरीत साचून राहिलेले पाणी आधी उपसून टाकायचे. आम्लता, तापमान आणि विद्युतवाहकता जागेवरच मोजायची. मग बाटली भरून, थंड पेटीत ठेवून प्रयोगशाळेत न्यायची. उताराच्या वरची एक विहीर आणि खालच्या दोन-तीन विहिरी एकाच दिवशी तपासल्या, तरच निष्कर्षाला अर्थ राहतो. क्लोराइडवर विशेष लक्ष ठेवतात, कारण ते मातीला चिकटत नाही. पाण्यासोबत पुढे सरकते आणि इतर घटकांआधी चाहूल देते. खालच्या विहिरीत ते दर हंगामात चढत असेल, तर आकडा लिटरला २५० मिलिग्रॅमच्या मर्यादेत असला तरी तो इशाराच समजावा.

जुने ढीग : नियमांचा भर नव्या, अस्तर असलेल्या भरावांवर आहे, तर बहुतेक हानी नियमांपूर्वीच्या बिनअस्तर ढिगांतून होते. त्यांखाली आता अस्तर घालता येत नाही. म्हणून जुना कचरा उकरून, वाळवून, चाळून माती, प्लॅस्टिक आणि दगड वेगळे करण्याची बायोमायनिंग पद्धत वापरतात. उरुळीतही ते काम हाती घेण्यात आले. त्याहून परिणामकारक उपाय उगमाशी आहे. ओला कचरा डेपोवर पोहोचलाच नाही, तर तिथे कुजायला फारसे काही उरत नाही आणि लिचेटचा जोर मोडतो. पुनर्वापर होत नाही आणि कुजत नाही, असाच कचरा भरावात जावा, हे २०१६ च्या नियमांतही आहे. प्रत्यक्षात मिश्र कचऱ्याची प्रत्येक गाडी हा नियम मोडते.

डेपो बंद झाल्यानंतर किमान १५ वर्षे देखरेख ठेवण्याची अट २०१६ च्या नियमांत घालण्यात आली. अमेरिकेत ही मुदत साधारणपणे ३० वर्षे धरतात. लिचेट झिरपणे दशकानुदशके चालते आणि भेगाळ बेसाल्टमध्ये ते कुठे उगवेल याचा नेम नसतो, हे पाहता महाराष्ट्रातील बिनअस्तर डेपोंसाठी १५ वर्षे अपुरी आहेत; इथेही ३० वर्षांहून कमी मुदत ठेवू नये.