रत्नागिरी आणि मंडाले

रत्नागिरीला शाळेची सहल गेली की मुलांना दोन घरं हमखास दाखवतात. एक टिळक आळीतलं, जिथं २३ जुलै १८५६ रोजी लोकमान्यांचा जन्म झाला. दुसरं भाट्याच्या खाडीकडे पाहत उंचावर उभं असलेलं, थिबा राजाचा राजवाडा. पहिल्या घरात मास्तर भरभरून बोलतात. दुसऱ्या घरात मुलं नुसती हिंडतात, लाकडी खिडक्यांतून समुद्र बघतात आणि परततात. कोण हा थिबा? आणि त्याचा नि टिळकांचा संबंध काय? तो फार मोठा आहे, म्हणून आज तुम्हांला सांगायचा.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. राजधानी मंडाले. १८८५च्या नोव्हेंबरात इंग्रजी फौज इरावती नदीनं वर चढली आणि पंधरवड्यात राज्य बुडालं. २९ नोव्हेंबरला सव्वीस वर्षांच्या राजाला, राणी सुपयालातला आणि लहानग्या मुलींना राजवाड्यातून बाहेर काढलं, बैलगाडीत बसवून नदीवर नेलं आणि आगबोटीत चढवलं. आधी रंगून, मग मद्रास, आणि १८८६च्या एप्रिलात रत्नागिरी.

रत्नागिरीच का? नकाशा काढून बघा म्हणजे कळेल. पाठीशी सह्याद्री, पुढं समुद्र, आगगाडीचं नाव नाही. मुंबईहून यायचं तर आगबोट, आणि पावसाळा लागला की तीही बंद. ज्याला त्याची माणसं देव मानतात, त्याला जिथं कुणी ओळखत नाही तिथं नेऊन ठेवायचं, असा इंग्रजांचा साधा हिशेब. दिल्लीच्या बहादूरशहाला त्यांनी १८५८ मध्ये रंगूनला धाडलं होतं. तो तिथंच १८६२ मध्ये वारला. आता रंगूनच्या बाजूचा राजा कोकणात आला. पुढं १९२४ मध्ये सावरकरांना तुरुंगातून सोडलं तेही याच जिल्ह्याची हद्द ओलांडायची नाही या अटीवर, आणि ती अट १९३७ पर्यंत चालली. जी गैरसोय रत्नागिरीकरांच्या नशिबी होती, तीच सरकारच्या सोयीची ठरली!

राजाला तनखा होता, पण तो पुरत नसे. सोबत आणलेली माणकं, हिरे एकेक करून विकले गेले. गावातल्या सावकारांचं कर्ज झालं. राजवाडा बांधून द्यायला सरकारनं किती वेळ घेतला म्हणता? राजा त्यात राहायला गेला १९१० साली. म्हणजे चोवीस वर्षं बंगल्यांतच काढली, आणि नव्या वाड्यात वाट्याला आली जेमतेम सहा.

आता टिळकांकडे वळू. त्यांचे वडील गंगाधरपंत पेशानं शिक्षक. १८६६ मध्ये त्यांची पुण्याला बदली झाली आणि दहा वर्षांच्या बाळनं रत्नागिरी सोडली. १९०८ मध्ये केसरीतल्या लेखांबद्दल राजद्रोहाचा खटला झाला, सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि सरकारनं त्यांना कुठं नेऊन ठेवलं? मंडालेला. तेही ज्या किल्ल्याच्या तटाच्या आत थिबाचा राजवाडा होता, त्याच तटाच्या आतल्या तुरुंगात. रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेच्या किल्ल्यात कैदी, आणि मंडालेचा राजा रत्नागिरीच्या टेकाडावर कैदी. टिळक राजाहून अवघे अडीच वर्षांनी मोठे. १९१०-११च्या ज्या हिवाळ्यात राजाचं बिऱ्हाड नव्या वाड्यात स्थिरावत होतं, त्याच हिवाळ्यात टिळक पेन्सिलीनं गीतारहस्य लिहीत होते. ही अदलाबदल कुणी मुद्दाम केली असं मला वाटत नाही. साहेबाच्या लेखी ती दोन दूरची ठाणी होती, एवढंच.

मात्र एक फरक राहिला. टिळक १९१४ मध्ये सुटून घरी आले. थिबा परतला नाही. १९१६च्या डिसेंबरात रत्नागिरीतच त्याचं निधन झालं. कुटुंबाला १९१९ मध्ये ब्रह्मदेशी जाऊ दिलं. राजाचे अवशेष मात्र इथंच राहिले. त्याची आणि १९१२ मध्ये वारलेल्या धाकट्या राणीची समाधी गावात आहे. सहलीची मुलं तिथवर क्वचितच पोचतात. २०१२च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन त्या समाधीपुढं येऊन उभे राहिले, तेव्हा अनेक रत्नागिरीकरांनीही ती नव्यानं पाहिली असेल.

राजाला चार मुली. धाकटी १८८७ मध्ये रत्नागिरीतच जन्मली. मायदेशी गेल्यावर ती इंग्रजांविरुद्ध इतकं स्पष्ट बोलू लागली की तिला रंगूनहून मोलमेनला हलवण्यात आलं. थोरलीची गोष्ट वेगळी. तिचं मन वाड्यावरच्या एका मराठी नोकरावर जडलं आणि १९०६ मध्ये त्यांना मुलगी झाली, टूटू. आईबापांचा कोप, सरकारची कुजबुज, सगळं झालं. १९१९ मध्ये मायलेकी बाकीच्यांबरोबर ब्रह्मदेशी गेल्या खऱ्या, पण लवकरच रत्नागिरीला परत आल्या. ज्या गावात वडिलांना कैद म्हणून ठेवलं होतं, तिथं ही राजकन्या आपल्या पायांनी आली! १९४७ मध्ये ती इथंच वारली.

टूटू मात्र पुरती इथलीच झाली. इथंच लग्न, इथंच संसार, बोलणं मराठी. गाई पाळाव्यात, कागदी फुलं करून विकावीत, पोराबाळांचं करावं, असं तिचं आयुष्य हातातोंडाची गाठ घालण्यात गेलं. मंडालेच्या सिंहासनावर बसलेल्या राजाची ही नात २००० साली वारली. म्हणजे आज रत्नागिरीत पन्नाशी ओलांडलेला जो कुणी तुम्हांला भेटेल, त्याला विचारा. रस्त्यानं जाताना तिला पाहिल्याचं तो कदाचित सांगेल.