प्रथिनांचे स्फटिक आणि सिकलसेल

नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल, पावरा आदी आदिवासी समाजांत आढळणारा सिकलसेल हा आनुवंशिक आजार हिमोग्लोबिन या प्रथिनातील एका बदलामुळे होतो. त्याच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. त्यामुळे प्राणवायू सोडलेले रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतात आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. हे रेणू नेमके कोठे चिकटतात, हे पाहण्यासाठी त्यांचे उत्तम स्फटिक लागतात.

स्फटिकातून विखुरलेल्या क्ष-किरणांवरून अणूंच्या जागा काढता येतात. रेणूंची मांडणी जितकी शिस्तबद्ध, तितके चित्र स्पष्ट. म्हणून प्रथिन प्रथम अत्यंत शुद्ध केले जाते. त्याच्या द्रावणाचा थेंब बंद कुपीत अधिक संहत द्रावणाच्या वर टांगतात. थेंबातील पाणी वाफेच्या रूपाने सावकाश कमी होते व स्फटिक वाढू लागतो. घाई झाल्यास असंख्य बारीक कण किंवा नुसता साका हाती येतो. अशा वेळी संहती कमी करून जुन्या स्फटिकाचे सूक्ष्म बीज थेंबात सोडतात. तापमान आणि आम्लताही स्थिर राखावी लागते. सिकल हिमोग्लोबिनच्या बाबतीत प्राणवायूही दूर ठेवावा लागतो.

या प्रथिनाची रचना १९७५ मध्ये ५ अँगस्ट्रॉमपर्यंत, तर १९९७ मध्ये २.०५ अँगस्ट्रॉमपर्यंत उलगडली. व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत कसे बसते, हे त्यातून बारकाईने दिसले. मात्र रचना कळली म्हणजे औषध सापडले, असे नव्हे. हिमोग्लोबिनला जोडले जाणारे व्हॉक्सेलोटर हे औषध अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झाले. सुरक्षिततेच्या कारणावरून २०२४ मध्ये ते मागे घेण्यात आले. त्यामुळे सातपुड्याच्या पाड्यांवर वेळीच होणाऱ्या रक्ततपासणीचे महत्त्व आजही कायम आहे.