टोचन : ओढणं सोपं, थांबवणं अवघड

मुंबई-पुण्याच्या माणसाला 'टोईंग' म्हटलं की आधी नो पार्किंगमधून गाडी उचलणारी व्हॅन आठवते आणि मग पावती. त्यामुळे या धंद्याबद्दल चांगलं बोलणारा माणूस सापडणं कठीण. पण रात्री हायवेवर बंद पडलेल्या गाडीशेजारी उभ्या असलेल्या माणसाला विचारा. लांबून येणारा तो लुकलुकणारा पिवळा दिवा त्याला देवासारखा वाटतो. आजचा विषय हे दुसरं टोईंग. ट्रकवाल्यांच्या भाषेत, टोचन.

निमित्त म्हणाल तर हल्ली लागलेलं एक नवीन वेड. आजोबांची प्रीमियर पद्मिनी गावाकडे गोठ्याशेजारी वर्षानुवर्षं उभी असते. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, पेपरात फोटो आले, आणि अनेकांना आपापली पद्मिनी आठवली. मग ती शहरात आणून नीट करायचं ठरतं आणि पहिला प्रश्न येतो, "ओढायला केवढी गाडी लागेल?"

माझं म्हणणं असं की हा प्रश्नच चुकीचा आहे. का ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

साल १९१६. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं चट्टानूगा गाव. तिथे अर्नेस्ट होम्स नावाचा एक गॅरेजवाला होता. त्याच्या ओळखीच्या जॉन वायलीची फोर्ड मॉडेल टी चिकमॉगा नावाच्या ओढ्यात पडली. ती बाहेर काढायला अर्धा डझन माणसं, दोर, कप्प्या आणि तब्बल आठ तास लागले, असं सांगतात. दुसरा कुणी असता तर घरी जाऊन झोपला असता. होम्सने १९१३ सालच्या एका कॅडिलॅकच्या सांगाड्यावर तीन खांब, एक कप्पी आणि साखळी बसवली. जगातला पहिला टो ट्रक म्हणून आज याच गाडीचं नाव घेतलं जातं.

यातला महत्त्वाचा भाग पुढे आहे. वजन उचललं की ओढणारी गाडीच कलंडायची. म्हणून होम्सने तिला जमिनीवर टेकणारे बाजूचे पाय लावले. पुढे त्याच्या कंपनीचे दोन बूमवाले रेकर प्रसिद्ध झाले. एक बूम झाडाला किंवा खडकाला बांधून गाडी स्थिर ठेवायची आणि दुसऱ्या बूमने ओढायचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या डायमंड टी रेकर ट्रकवर याच होम्सची यंत्रं होती. म्हणजे पहिल्या दिवसापासून खरा प्रॉब्लेम ताकदीचा नव्हता, ताब्याचा होता.

आता ओढ्यातून गाडी काढणं वेगळं आणि ती शेकडो किलोमीटर नेणं वेगळं. एक बाजू हवेत उचलली तरी दुसरी बाजू स्वतःच्या चाकांवरच पळते. जुन्या गाड्यांत इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना असायची. पुढची बाजू उचलून नेलं की मागची चाकं फिरतात, ती प्रोपेलर शाफ्ट फिरवतात आणि शाफ्ट गिअरबॉक्सच्या आतले भाग फिरवतो. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये तेल उडवायचं काम इंजिनाच्या जोरावर फिरणारा शाफ्ट करतो. इंजिन बंद म्हणजे तोही बंद. गावातल्या गॅरेजपर्यंत नेलं तर काही होत नाही. लांबच्या पल्ल्यात मात्र बेअरिंग कोरडी पडतात. म्हणून जुने मेकॅनिक आधी गाडीखाली झोपून प्रोपेलर शाफ्ट सोडायचे. ती अंधश्रद्धा नव्हती.

ऑटोमॅटिक गिअर आल्यावर मामला आणखी नाजूक झाला. जनरल मोटर्सची हायड्रामॅटिक १९४० च्या मॉडेलपासून ओल्डस्मोबिलमध्ये मिळू लागली. तिच्यात तेलाचे दोन पंप होते. पुढचा इंजिनावर चालायचा आणि मागचा चाकांच्या बाजूने फिरायचा. इंजिन बंद असलं तरी मागच्या पंपामुळे थोडं तेल फिरत राहायचं. १९६० च्या दशकात खर्च वाचवायला बहुतेक अमेरिकन कंपन्यांनी हा मागचा पंप काढून टाकला. आपल्या भाषेत, कुणी वापरत नाही असं समजून एक फीचर उडवलं आणि ते नेमकं टोचनवाला वापरत होता. :-)

मग फ्रंट व्हील ड्राइव्ह आलं. इंग्लंडमध्ये १९५९ ला मिनी, आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८००. आता उचलायचं टोक बदललं. बंपरही लोखंडाचे राहिले नाहीत, त्यामुळे साखळी आणि पट्ट्यात अडकवून उचललं की प्लॅस्टिकचा चुराडा. त्यावर उपाय म्हणून गाडीला हात न लावता फक्त चाकं उचलणारी व्हील लिफ्ट आली. आणि शेवटी सरळ पाठीवर घेणारा, मागे सरकून तिरका होणारा फ्लॅटबेड.

हा सगळा प्रवास एका ओळीत सांगायचा तर बंद गाडीची स्वतःची चाकं रस्त्यावरून उचलत जाणं. आधी शून्य, मग दोन, मग चारही. जे चाक रस्त्याला लागतं त्याला ब्रेक, स्टिअरिंग, बेअरिंग, टायर सगळं धड लागतं. आणि दहा वर्षं उभ्या असलेल्या गाडीत यातलं काहीच धड नसतं.

दोराने ओढायचं तर पाहा काय होतं. दोर फक्त ओढू शकतो, ढकलू किंवा थांबवू शकत नाही. पुढच्याने ब्रेक मारला की मागची गाडी आपल्याच ब्रेकवर थांबली पाहिजे. नवीन गाडी असेल तर इंजिन बंद असताना ब्रेक बूस्टर काम करत नाही, पेडल दगडासारखं होतं, पॉवर स्टिअरिंगही जड होतं. जुनी असेल तर ब्रेकचे सिलिंडर गंजून बसलेले असतात. त्यात झटका बसून दोर किंवा वायर तुटली तर ती चाबकासारखी येते.

हे कायद्यालाही ठाऊक होतं. आपल्याकडचे १९८९ चे रस्त्याचे नियम सांगायचे की ओढल्या जाणाऱ्या गाडीत लायसन्सवाला माणूस बसलेला हवा, नाहीतर तिची वळणारी चाकं क्रेनने उचललेली हवीत. दोन गाड्यांत अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको. मागे पांढऱ्यावर काळ्या, निदान ७५ मिलिमीटर उंच अक्षरांत 'ऑन टो' असं इंग्रजीत लिहिलेलं हवं. आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत. २०१७ मध्ये या नियमांची जागा नव्या नियमावलीने घेतली, पण त्या २४ चा हिशोब करून बघा. कोल्हापूर ते पुणे साधारण २३० किलोमीटर. म्हणजे साडेनऊ तास, एकदाही न थांबता. शिवाय त्या नियमांत धड नसलेली गाडी ओढायची ती जवळच्या गॅरेज किंवा पेट्रोल पंपापर्यंतच. थोडक्यात, दोर लांबच्या प्रवासासाठी नव्हताच. कुणी म्हणेल, जरा जोरात नेऊ. २४ ऐवजी ७२ ने नेलं तर वेग तिप्पट, पण थांबवायची ऊर्जा नऊपट. खंबाटकीच्या उतारावर हे गणित कुणाला करायचंय?

ट्रेलरचाही एक धडा आहे. ट्रेलरवरचं साधारण ६० टक्के वजन त्याच्या अ‍ॅक्सलच्या पुढे हवं आणि एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार ओढणाऱ्या गाडीच्या हुकावर यायला हवा. वजन मागे गेलं की ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो आणि प्रत्येक हेलकावा पुढच्याला वाढवतो. ब्रेक मारला तर आणखी बिघडतं. म्हणून पुढे इंजिन असलेली गाडी ट्रेलरवर शक्यतो तोंड पुढे करूनच चढवतात.

तर पद्मिनी आणायची असेल तर फ्लॅटबेड सांगा. गाडी नऊशे किलोच्या आसपास, म्हणजे ओझं काही फार नाही. आधी बॅटरी सोडा, पेट्रोल गळतंय का बघा, टायरमध्ये हवा भरा आणि चारही चाकं हाताने फिरतात का ते पाहा. विंचचा हुक बंपरला लावू देऊ नका, तो चासीच्या मजबूत भागालाच हवा. वर चढवताना मागे कुणी उभं राहू नये. पट्टे चाकांवरून चारही बाजूंनी, चाकांपुढे लाकडी ठोकळे, हँडब्रेक लागला तर उत्तम पण त्याच्या भरवशावर नाही. पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळा, कारण ते हमखास सैल पडतात. गाडीचे कागद सोबत ठेवा.

चट्टानूगात १९९५ पासून टोईंगचं एक म्युझियम आहे. त्याच्या आवारात २००६ मध्ये एक भिंत उभारली गेली. तिच्यावर नावं आहेत ती दुसऱ्यांच्या गाड्या काढताना मेलेल्या टोचनवाल्यांची. रस्त्याच्या कडेला, दुसऱ्याच्या गाडीला साखळी लावताना मागून वाहन येऊन उडवतं, हा या धंद्यातला नेहमीचा धोका. अमेरिकेत याचसाठी कडेला थांबलेल्या मदतीच्या गाड्यांपासून एक लेन सोडून जायचे कायदे झाले. पहिला १९९६ मध्ये साउथ कॅरोलिनात अँब्युलन्स आणि पोलिसांसाठी, आणि २०१२ पर्यंत सगळ्या ५० राज्यांत. टो ट्रकवाल्यांना त्यात बऱ्याच ठिकाणी नंतर जागा मिळाली.

असो. पैसे वाचवायचे असतील तर रंगात वाचवा, सीट कव्हरमध्ये वाचवा. गाडी आणण्यात नको. आणि एक्सप्रेसवेवर कडेला पिवळा दिवा लुकलुकताना दिसला तर वेग कमी करून एक लेन सोडा. तिथे वाकलेला माणूस कुणाची तरी गाडी घरी पोचवत असतो, आणि त्यालाही घरी जायचं असतं.