तळ्याने राखलेले गाव

पोलंड देशात पोझ्नान शहराच्या ईशान्येस बिस्कुपिन नावाचे एक लहानसे खेडे आहे. हिमयुगात बर्फाच्या प्रचंड थरांनी तिकडची जमीन कोरून काढली. पुढे बर्फ वितळला आणि खळग्यांत तळी साठली. अशाच एका तळ्याच्या काठी हे गाव वसलेले आहे. १९३३ साली त्याचे नाव एकाएकी पुढे आले, आणि ते आणले कुणी? तर एका शाळामास्तरांनी!

वालेंती श्वाइत्सर हे त्यांचे नाव. त्या सुमारास तळ्याचे पाणी बरेच उतरले होते. मुलांना घेऊन मास्तर काठावर गेले, तो पाण्यातून जुनाट खुंट वर डोकावताना दिसले. दुसरा कुणी पाहून पुढे गेला असता. मास्तरांनी मात्र जाणकारांना कळवले, आणि १९३४ मध्ये प्राध्यापक कोस्त्शेव्स्की यांनी तेथे खोदकाम सुरू केले.

चिखलातून निघाले एक अख्खे गाव! भोवती लाकूड-मातीचा तट, लाटा अडवायला तिरके ठोकलेले खुंट, ओंडके अंथरून केलेले रस्ते, आणि तेरा रांगांत शंभराच्या आसपास घरे, जवळजवळ एकाच मापाची. वस्ती असावी ८०० ते १००० माणसांची. ओल्या चिखलात हवा शिरत नाही, म्हणून लाकूड कुजले नाही. खोडांतील वर्षवलये मोजून पुढे असे ठरले, की निम्म्याहून अधिक लाकूड इ. स. पू. ७३८-३७ च्या एकाच हिवाळ्यात तोडलेले होते. म्हणजे साऱ्या गावाने मिळून हे काम उरकले असले पाहिजे. कालांतराने पाणी चढले आणि वस्ती उठली, असे बरेच अभ्यासक मानतात.

पण या गावाच्या वारशावरून मोठा वाद माजला. पोलिश विद्वान म्हणत, हे आमचे पूर्वज. जर्मन म्हणत, आमचे. १९३९ मध्ये जर्मनांनी पोलंड घेतला, गावाचे नावही बदलले आणि स्वतःचे उत्खनन चालवले. माघार घेताना त्यांनी ती जागा नाहीशी करू पाहिली. गंमत अशी, की त्या खटपटीनेच लाकूड पुन्हा राखले! युद्धानंतर काम परत सुरू झाले आणि १९७४ पर्यंत चालले.

ती माणसे कोणती भाषा बोलत होती, हे लाकूड सांगत नाही. ती एकत्र कशी नांदली, एवढे मात्र ते स्पष्ट सांगते. शिक्षकबंधूंनो, आपल्या गावच्या पांढरीत पाऊस पडल्यावर खापरे उघडी पडतात. मुलांनी ती आणून दाखवली, तर फेकून देऊ नका. कुठे सापडली ते आधी विचारा, आणि जाणत्यांना कळवा.